खोडायचे की झाकून ठेवायचे?

“सर, दोरी आखूड केली की गुरुत्वाकर्षण वाढते का?”

प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला तेव्हा मला आधी हसू आले. मग तिने वही पुढे केली आणि माझे हसू मावळले.

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्हांला ठाऊक असेलच. दोरीला टांगलेला धातूचा गोळा हलकेच बाजूला नेऊन सोडायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. आमच्याकडे त्याचे मूल्य सेंटिमीटर-सेकंद मापात सुमारे ९७८ येते. लंबकाची लांबी ५० सेंटिमीटर घ्या की १०० घ्या, उत्तर तेच यायला हवे. या मुलीला मात्र १०० सेंटिमीटर लांबीला ९८८, ८० ला ९९० आणि ५० ला ९९८ अशी उत्तरे आली होती. शेजारच्या टेबलांवरही तोच प्रकार होता. दोन मुलांनी तर आपलाच हात चुकतो आहे असे समजून अख्खा प्रयोग तीन-तीनदा केला होता.

उत्तर चुकले तरी ते शिस्तीत चुकले होते. अशा चुकीला कारण असतेच. १०० सेंटिमीटरला चूक एक टक्का, ५० ला दोन टक्के. म्हणजे प्रत्येक लांबीत कोणीतरी नेमका एक सेंटिमीटर जास्त धरत होते. आणि आमच्या गोळ्याची त्रिज्या बरोबर एक सेंटिमीटर होती!

मुलांचे हात बिनचूक होते. चूक होती ती मी लिहिलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये. मुले त्यात लांबी आणि वेळ भरत, आणि संगणक आकडेमोड करून उत्तर देई. त्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीची ही गोष्ट आहे. त्या ओळीने मला एक प्रश्न विचारायला लावला, आणि तो प्रश्न जगातल्या सर्व प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पडतो : जुनी, नको झालेली ओळ खोडून टाकायची, की झाकून ठेवायची?

झाकलेली ओळ

झाकायची म्हणजे काय, ते आधी पाहू. संगणकाला द्यायच्या आज्ञा आपण ओळीओळीने लिहितो. त्या ओळींमध्ये माणसांनी वाचायचा मजकूरही लिहिता येतो. त्याला कॉमेंट म्हणतात. आपण त्याला शेरा म्हणू. पायथन या संगणकभाषेत ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकले की ती ओळ शेरा ठरते, आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जुन्या बेसिक भाषेत यासाठी ‘रेम’ हा शब्द लिहीत.

ही सोय खरे तर समजावून सांगण्यासाठी आहे. पण तिचा आणखी एक उपयोग लोकांना सापडला. एखादी आज्ञा तात्पुरती नको असेल, तर तिच्यापुढे # टाकायचे. आज्ञा जागच्या जागी राहते, पण चालत नाही. पुन्हा हवी झाली की # काढायचे. किती सोपे!

माझ्या प्रोग्रॅममध्ये अशीच एक ओळ होती. मराठीत लिहायची तर अशी :

# लांबी = लांबी + त्रिज्या

पूर्वी आमची मुले फक्त दोरी मोजत आणि गोळ्याची त्रिज्या प्रोग्रॅम मिळवत असे. पुढे मला वाटले की, लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते हे मुलांना स्वतः कळायला हवे. म्हणून ती बेरीज मी मुलांकडे सोपवली आणि या ओळीपुढे # टाकले. खोडून टाकली नाही. ‘राहू दे, लागेल कधीतरी.’

तीन वर्षे गेली. एका जूनमध्ये प्रोग्रॅम नव्या संगणकावर चढवताना ती ओळ माझ्या नजरेस पडली. ‘अरे, त्रिज्या तर मिळवायलाच हवी! ही ओळ कोणी बंद केली?’ असे म्हणून मी # काढून टाकले. ज्याने ती बंद केली होती तो मीच होतो. पण का बंद केली, हे ना मला आठवत होते, ना त्या ओळीवर लिहिलेले होते. त्या दिवसापासून त्रिज्या दोनदा मिळू लागली. एकदा मुलांच्या वहीत, एकदा संगणकात.

दोन नियमांचे भांडण

आता माझी खरी अडचण ऐका. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मी मुलांना बजावतो : “वहीतले निरीक्षण खोडरबराने पुसायचे नाही. चुकले असे वाटले तर त्यावर एक रेघ मारा, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे.” हा नियम जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात, आणि त्याला कारणही भक्कम आहे. आज चुकीचे वाटलेले निरीक्षण उद्या बरोबर ठरू शकते. पुसले तर पुरावाच नाहीसा होतो.

मग ओळीपुढे # टाकणे म्हणजे आकड्यावर रेघ मारणेच नव्हे का? मी माझाच नियम पाळला होता, तरी फसलो. असे का व्हावे?

बरेच दिवस विचार केल्यावर लक्षात आले की, या दोन कागदांचे कामच वेगळे आहे. प्रयोगवही ही साक्ष आहे. काय घडले ते ती सांगते, आणि साक्षीतला एकही शब्द गाळून चालत नाही. प्रोग्रॅम ही आज्ञा आहे. आता काय करायचे ते तो सांगतो, आणि आज्ञेत एकही शब्द जास्त असून चालत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचे उदाहरण घ्या. गेल्या वर्षभरात दिलेली आणि बंद केलेली सगळी औषधे डॉक्टरांनी रेघा मारून एकाच चिठ्ठीवर ठेवली, आणि त्यांतच आजचे औषध लिहिले, तर औषधवाल्याची काय अवस्था होईल? एखादी रेघ पुसट झाली तर? जुन्या औषधांची नोंद हवीच. पण ती फाइलमध्ये हवी. आजच्या चिठ्ठीवर फक्त आजचे औषध.

माझी चूक एका सेंटिमीटरची होती. ती एका हुशार मुलीने पकडली आणि नुकसान झाले ते दोन मुलांच्या श्रमाचे. पण हीच ‘राहू दे’ वृत्ती मोठ्या ठिकाणी गेली तर काय होते, याची दोन उदाहरणे आता पाहू.

सदतीस सेकंद

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू येथील तळावरून युरोपचा ‘एरियान ५’ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच झेपावला. त्यावर पृथ्वीभोवतीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करणारे ‘क्लस्टर’ नावाचे चार उपग्रह होते. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी अग्निबाण एकाएकी वाकडा वळला. हवेच्या दाबाने त्याचे भाग निखळू लागले, आणि सुमारे ३,७०० मीटर उंचीवर त्याने स्वतःलाच उडवून दिले. भरकटलेला अग्निबाण खाली वस्तीवर पडू नये म्हणून तशी योजनाच केलेली असते.

फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिआँस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. दीड महिन्यात तिने मूळ शोधून काढले.

अग्निबाण कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि किती वेगाने चालला आहे, हे सांगणारी एक यंत्रणा त्यात असते. उड्डाणापूर्वी तिला दिशा जुळवून घ्यावी लागते. हे काम करणारा प्रोग्रॅमचा भाग ‘एरियान ४’ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्या जुन्या अग्निबाणात हा भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवत. कारण असे की, उलटी गणती अगदी शेवटच्या क्षणी थांबवावी लागली, तर सगळी जुळवणी नव्याने करण्यात पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ जाई. हा भाग चालूच असला की तो वेळ वाचे. या सोयीचा उपयोग १९८९ मध्ये एकदाच झाला होता.

एरियान ५ ची तयारीची पद्धत वेगळी होती. उड्डाणानंतर या भागाचा तिथे काडीचाही उपयोग नव्हता. तरी तो राहिला. जे नीट चालते आहे त्याला हात कशाला लावा, असा विचार त्यामागे असावा, असे समितीने म्हटले आहे.

आता भौतिकी आणि गणित एकत्र कसे आले ते पाहा. हा निरुपयोगी भाग आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवत असे. १६ बिटांत ऋण आणि धन मिळून -३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच संख्या मावतात. एरियान ४ मध्ये ही संख्या त्या मर्यादेत राही. एरियान ५ अधिक जोरकस होता आणि त्याचा मार्गही निराळा होता. त्याचा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढे. संख्या फुगली, १६ बिटांच्या डब्यात मावेना, आणि यंत्रणेने गणित थांबवून काम बंद केले.

मग दुसरी राखीव यंत्रणा नव्हती का? होती. पण तिच्यातही तोच प्रोग्रॅम होता, म्हणून ती त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. एखादा भाग मोडला तर जोडीचा भाग उपयोगी पडतो. विचारच चुकला असेल तर तो दोन्हींकडे सारखाच चुकतो! बंद पडलेल्या यंत्रणेने बिघाडाची खूण म्हणून काही आकडे पाठवले. मुख्य संगणकाला ते उड्डाणाचेच आकडे वाटले, आणि नसलेली चूक सुधारण्यासाठी त्याने नॉझल पूर्ण वाकवले.

समितीच्या शिफारशींतली पहिलीच शिफारस या विषयाचे सार आहे : उड्डाण होताच हा भाग बंद करा, आणि एकूणच, उड्डाणात ज्याची गरज नाही असे काहीही उड्डाणात चालू ठेवू नका.

झोपलेला राक्षस

एरियानमधला नको असलेला भाग निदान चालू तरी होता. दुसऱ्या उदाहरणातला भाग नऊ वर्षे झोपलेला होता.

अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर-व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता. २००३ मध्ये त्याचा वापर बंद झाला, पण तो काढला नाही. हवे तेवढे शेअर घेऊन झाले की थांबायचे, यासाठी लागणारी मोजणी २००५ मध्ये प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे हलवली गेली. झोपलेल्या पॉवर पेगवर याचा काय परिणाम होईल, ते कोणी तपासले नाही. झोपलेल्याची चौकशी कोण करतो?

२०१२ मध्ये पॉवर पेगच्या जागी नवे काम बसवायचे ठरले. ते सुरू करण्यासाठी जी खूण ठरवली, ती पूर्वी पॉवर पेगला जागे करण्यासाठी वापरत तीच होती. नवा प्रोग्रॅम एकूण आठ संगणकांवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठवा राहून गेला.

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला. सात संगणकांनी खूण पाहून नवे काम सुरू केले. आठव्याने तीच खूण पाहून पॉवर पेगला उठवले. ‘थांब’ म्हणणारी मोजणी तर केव्हाच हलवली होती. तो मागणीमागून मागणी पाठवत सुटला. घाबरून लोकांनी चांगल्या सात संगणकांवरचा नवा प्रोग्रॅमही काढून टाकला. त्यामुळे तिथलेही झोपलेले भाग जागे झाले! सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेचा फटका बसला. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

नको असलेल्या ओळींचे असे तीन प्रकार झाले. चालू राहिलेली, झोपलेली आणि झाकलेली. पहिल्या दोन संगणकाला दिसतात, म्हणून त्या घातक. # टाकून झाकलेली ओळ संगणकाला दिसत नाही, म्हणून ती त्या मानाने निरुपद्रवी. पण ती माणसाला दिसते. वाचणाऱ्याला वाटते, ही अजून हवी असेल, नाहीतर ठेवली कशाला? बाकीचा प्रोग्रॅम बदलत जातो, झाकलेली ओळ मात्र जुन्याच जगात राहते. तिची परीक्षा कधी होत नाही. आणि एक दिवस माझ्यासारखा कोणीतरी येतो व # काढतो.

पण लागलीच तर?

“सर, खोडून टाकली आणि मग हवी झाली तर?” हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या लोकांनी ५० वर्षांपूर्वीच शोधले. १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅमच्या सर्व आवृत्त्या सांभाळणारी एक व्यवस्था तयार केली. दर वेळी सगळा प्रोग्रॅम नव्याने साठवायचा नाही, फक्त बदलले तेवढे नोंदवायचे, ही त्यातली युक्ती होती. १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांनी त्यात गंमतीचा बदल केला. सर्वांत नवी आवृत्ती त्यांनी पूर्ण ठेवली आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक जवळ ठेवले. कारण नवी आवृत्ती रोज लागते, जुनी क्वचित!

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी व्यवस्था म्हणजे ‘गिट’. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स यांनी ती २००५ मध्ये सुरू केली. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला आणि का केला, याची नोंद तीत राहते. खोडलेली प्रत्येक ओळ तिच्या तारखेसह परत काढता येते.

म्हणजे पाहा, ही आहे प्रोग्रॅमची प्रयोगवही! साक्ष एकीकडे, आज्ञा दुसरीकडे. दोन नियमांचे भांडण मिटले. प्रोग्रॅममधून ओळ बेलाशक खोडा, कारण वहीतून ती खोडली जातच नाही.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. खोडलेली ओळ डोळ्यांसमोर नसते. नव्याने आलेल्या माणसाला ती कधी होती हेच ठाऊक नसेल, तर तो ती शोधणार कशी? तीच चूक पुन्हा करून बसेल. यावर उपाय असा की, मेलेली ओळ ठेवू नका, तिने शिकवलेला धडा ठेवा. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता ती ओळ नाही. तिच्या जागी हा शेरा आहे :

# त्रिज्या मिळवू नये. मुले गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबीच भरतात.

झाकलेली आज्ञा ‘काय’ ते सांगत होती. हा शेरा ‘का’ ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी एवढे एक वाक्य लिहिले असते, तर त्या दोन मुलांना तीन-तीनदा प्रयोग करावा लागला नसता.

मग # टाकून ओळ झाकूच नये का? झाकावी, पण चूक शोधत असताना. गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ बिघडली की आपण एकेक दिवा काढून पाहतो. तसेच एकेक ओळ झाकून बिघाड कुठे आहे ते पाहता येते. मात्र दोष सापडला की काढलेले दिवे तसेच लोंबत ठेवू नयेत. घर बांधून झाले की परांची उतरवतात, तसे ते झाकणेही काम संपताच आवरावे.

करून पाहा

तुमच्या शाळेत संगणक असेल आणि तुम्ही छोटे प्रोग्रॅम लिहीत असाल, तर आजच एक जुना प्रोग्रॅम उघडा. त्यातल्या प्रत्येक झाकलेल्या ओळीपुढे बोट ठेवा आणि ती का झाकली होती ते आठवते का पाहा. आठवले, तर ते कारण एका वाक्यात लिहा आणि ओळ खोडा. आठवले नाही, तर प्रोग्रॅमची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि मग खोडा. गिट येत नसले तरी बिघडत नाही. तारखेच्या प्रती आणि एक साधी वही पुरते. वहीत तीन रकाने आखा : तारीख, काय बदलले, का बदलले. तिसरा रकाना कधीही कोरा सोडू नका.

आणि शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांचे उत्तर चुकले, तर वहीतला आकडा खोडायला सांगण्यापूर्वी आपली साधने एकदा तपासावीत. त्या मुलीने मूळ निरीक्षणे पुसून ‘९७८’ लिहून टाकले असते, तर माझी चूक मला आजही कळली नसती. तिच्या वहीत ९८८, ९९० आणि ९९८ हे आकडे एक-एक रेघ मारलेले, पण स्वच्छ वाचता येतील असे आहेत. त्यांच्याखाली मी सही केली आहे आणि शेरा लिहिला आहे : “निरीक्षणे बरोबर. प्रोग्रॅम चुकला होता.”